टाकीत न मावणारे मासे : मोठ्या शोभिवंत माशांच्या पुनर्वसनाचा इतिहास

काचेच्या टाकीत शोभेचे मासे पाळण्याच्या छंदाचा इतिहास बहुधा मासा घरात कसा आला या अंगाने लिहिला जातो. तो घरातून बाहेर कसा जातो, हा प्रश्न त्यात क्वचितच येतो. गप्पी किंवा टेट्रा यांसारख्या लहान माशांच्या बाबतीत हा प्रश्न फारसा उद्भवतही नाही, कारण त्यांचे अल्प आयुष्य बहुतेक वेळा टाकीतच संपते. ऑस्कर, अरोवाना, पाकू किंवा लाल शेपटीचा कॅटफिश यांची गोष्ट मात्र वेगळी आहे. हे मासे दुकानात बोटभर लांबीचे असताना विकले जातात, दोन-तीन वर्षांत हातभर होतात आणि दहा-पंधरा वर्षे किंवा त्याहूनही अधिक जगतात. त्यामुळे शाळकरी वयात हौसेने घेतलेला मासा, त्याला पाळणारा मुलगा किंवा मुलगी महाविद्यालयीन शिक्षणासाठी घर सोडते तेव्हा, ऐन भरात असतो. अशा वेळी तो आईवडिलांवर सोपवावा, दुकानदाराला परत द्यावा, दुसऱ्या पाळणाऱ्याला द्यावा की जवळच्या तळ्यात सोडावा, हे चार पर्याय उरतात. यांपैकी कोणता पर्याय योग्य मानायचा, याचे उत्तर काळानुसार बदलत गेले आहे. मासा पाण्यात सोडणे हे कधीकाळी पुण्यकर्म होते, पुढे ते निरुपद्रवी मानले गेले आणि आज अनेक देशांत तो कायद्याने गुन्हा आहे. हा बदल कसा घडला, हे पाहण्यासाठी मत्स्यपालनाच्या छंदाचा प्रवास त्याच्या उलट्या टोकाकडून तपासावा लागतो.

या प्रवासाचा आरंभ चीनमधील बौद्ध परंपरेत सापडतो. बंदिस्त प्राण्याला मुक्त केल्याने पुण्य लाभते, या श्रद्धेतून तेथे मंदिरांजवळ खास तळी राखली जात आणि बाजारात विकायला आलेले मासे विकत घेऊन त्यांत सोडले जात. करड्या रंगाच्या कार्प जातीच्या माशांत एखादा मासा जन्मतःच तांबूस किंवा सोनेरी निपजतो. नदीत असा मासा शिकाऱ्यांच्या नजरेत चटकन भरतो आणि मारला जातो, परंतु मंदिराच्या तळ्यात त्याला अभय मिळे. सोंग राजवटीच्या काळात (इ. स. ९६० ते १२७९) अशा सोनेरी माशांची तळ्यांतून हेतुपुरस्सर पैदास होऊ लागली आणि मिंग काळात (१३६८ ते १६४४) ते घरातील मोठ्या भांड्यांत पाळले जाऊ लागले. आज जगभर गोल्डफिश म्हणून ओळखला जाणारा मासा हा या प्रक्रियेचे फलित होय. त्या तळ्यांत सोडणे आणि पाळणे या दोन परस्परविरोधी कृती नव्हत्या. शिवाय मासा त्याच प्रदेशातला असल्यामुळे तो सोडल्याने पाण्यातील जीवसृष्टीत परका जीव येत नसे.

भारतीय परंपरेतही मोठ्या माशांशी असलेले नाते त्यांच्या नैसर्गिक अधिवासातच जपले गेले. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मत्स्यविनोद या प्रकरणात माशांचे प्रकार, त्यांचे खाद्य आणि गळाने मासे धरण्याच्या रीती यांचे सविस्तर वर्णन आहे; मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास या प्रकरणाचा शास्त्रीय अभ्यास केला. दुसरी परंपरा देवाच्या डोहांची. रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या वाळण कोंडीत देवीचे म्हणून राखलेले महसीर मासे आहेत; भाविक त्यांना खाऊ घालतात, पण पकडत नाहीत. राजाच्या विनोदासाठी असो वा देवाच्या नावाने असो, येथे माणूस माशापाशी जात असे, माशाला माणसाच्या घराच्या मापात बसावे लागत नसे. म्हणूनच मासा फार वाढला, आता त्याचे काय करावे, असा प्रश्न या परंपरांत निर्माण झाला नाही.

तो प्रश्न काचेने निर्माण केला. सिसिलीत राहणाऱ्या फ्रेंच संशोधिका जान व्हिलप्र-पॉवर यांनी १८३२च्या सुमारास सागरी जीवांच्या निरीक्षणासाठी काचेच्या टाक्या वापरल्या. १८५० मध्ये इंग्रज रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी बंद पात्रात मासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवल्यास पाणी दीर्घकाळ चांगले राहू शकते, असे दाखवून दिले : वनस्पती प्राणवायू सोडतात, मासे तो घेतात आणि कुजणारा पाला गोगलगायी खातात, असा हा समतोल. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जनतेसाठी मत्स्यगृह उघडले आणि पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांच्या ‘द अ‍ॅक्वेरियम’ या पुस्तकाने इंग्लंडच्या मध्यमवर्गीय दिवाणखान्यांत टाकीची हौस पसरवली. वॉरिंग्टन यांच्या समतोलात एक अट गृहीत होती, ती म्हणजे मासे लहान आणि थोडेच असले पाहिजेत. ही अट पुस्तकांतून सांगितली गेली तरी बाजारात पाळली गेली नाही. टाक्यांत जीवांची दाटी झाली, पाणी नासले आणि दशकाभरातच तो उत्साह ओसरला. टाकीचे आकारमान आणि माशाची वाढ यांतील विसंगती अशी या छंदाच्या बालपणापासूनच त्याच्याबरोबर आहे.

अमेरिकेत या छंदाला प्रारंभी सरकारी हातभार लागला. १८७८ मध्ये नौदल अधिकारी डॅनिएल अ‍ॅमेन यांनी जपानहून आणलेले गोल्डफिश तेथील मत्स्य आयोगाला मिळाले. आयोगाने त्यांची तळ्यांत पैदास केली आणि वॉशिंग्टनच्या नागरिकांना ते विनामूल्य वाटले. परदेशी मासा हा देशाच्या जलसंपत्तीत पडलेली भर आहे, असे मानणारा तो काळ होता, त्यामुळे घरातील गोल्डफिश जवळच्या तळ्यात गेला तर कोणाला खंत वाटण्याचे कारण नव्हते. याच सुमारास युरोपात उष्ण प्रदेशांतील मासे येऊ लागले. पिएर कार्बोनिए यांनी १८६९ मध्ये पॅरिसला आणलेला पॅराडाइज मासा पृष्ठभागावर येऊन हवेतून थेट श्वास घेऊ शकत असल्याने लांबच्या सागरी प्रवासात तगला. बर्लिनमध्ये १८८८ साली ‘ट्रिटॉन’ ही मत्स्यप्रेमींची संस्था निघाली आणि न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात १९११ साली तशीच संस्था स्थापन झाली. अशा मंडळांच्या बैठकी आणि लिलाव यांतून जास्तीचे मासे एका सदस्याकडून दुसऱ्याकडे जात. मोठ्या माशांना नवे घर मिळवून देण्याचा एक संघटित मार्ग मंडळांच्या या देवाणघेवाणीतून तयार झाला. परंतु तो ओळखीच्या आणि जाणकार माणसांपुरता मर्यादित होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर हे चित्र झपाट्याने पालटले. विजेवर चालणारे हीटर आणि पंप सामान्य घरांत आले. प्राणवायू भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून मासे विमानाने पाठवणे शक्य झाले. लोखंडी चौकट आणि काच बसवण्याची लांबी (पुट्टी) यांच्या जागी, काचेला काच घट्ट चिकटवणारे सिलिकोन १९६०च्या दशकात आल्यामुळे टाक्या स्वस्त आणि मोठ्या झाल्या. विमानाच्या भाड्यात पाण्याचे वजन हा सर्वांत मोठा खर्च असतो, म्हणून एका पिशवीत अधिकाधिक मासे बसावेत यासाठी पिल्लेच पाठवणे व्यापाऱ्यांना परवडते. ग्राहकालाही लहान मासा स्वस्त आणि गोंडस वाटतो. परिणामी अ‍ॅमेझॉन खोऱ्यातील ऑस्कर, जो पूर्ण वाढल्यावर फूटभर किंवा त्याहून लांब होतो, चंदेरी अरोवाना, जो जवळपास तीन फुटांपर्यंत जातो, आणि लाल शेपटीचा कॅटफिश, जो एक मीटरही ओलांडतो, हे सारे मासे बोटुकलीच्या आकारात घराघरांत पोहोचले. भारतीय दुकानांत ‘शार्क’ या नावाने विकला जाणारा पंगासियस हा वस्तुतः आग्नेय आशियातील नदीतला कॅटफिश असून तोही मीटरभर वाढतो. थोडक्यात, मासा घरी आणण्याची वाट दरवर्षी सोपी होत गेली, पण वाढलेला मासा परत नेण्याची वाट व्यापाराने कधी बांधलीच नाही.

या उणिवेवर एका गैरसमजाने पांघरूण घातले. मासा टाकीच्या मापाने वाढतो, असे दुकानांतून आजही सांगितले जाते. अरुंद जागेत काही माशांची वाढ खुंटते हे खरे, परंतु ते निरोगी अनुकूलन नसून ताण आणि दूषित पाणी यांचा परिणाम असतो. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात; गाळणीच्या माध्यमावर वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग तुलनेने कमी विषारी नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. माशाची लांबी दुप्पट झाली तर त्याचे वजन साधारण आठपट होते, आणि त्याच प्रमाणात नव्हे तरी कित्येक पटींनी त्याचे उत्सर्जन वाढते. म्हणून तीन इंची ऑस्करला पुरणारी टाकी बारा इंची ऑस्करला पुरत नाही. प्रौढ ऑस्करसाठी सुमारे तीनशे लिटरची टाकी आणि दमदार गाळणी लागते.

अमेरिकेत या तांत्रिक अडचणीला सामाजिक रूढीची जोड मिळाली. वयाच्या अठराव्या वर्षी घर सोडून विद्यापीठाच्या वसतिगृहात राहायला जाणे, ही तेथील मध्यमवर्गीय कुटुंबांत रुळलेली प्रथा आहे. बहुतेक वसतिगृहांत कुत्री-मांजरे वर्ज्य असतात आणि माशांना परवानगी असते. मात्र अनेक विद्यापीठे टाकीची मर्यादा दहा गॅलन, म्हणजे सुमारे ३८ लिटर, एवढी ठेवतात. या मापात बेट्टा किंवा गप्पी राहू शकतो, ऑस्कर राहू शकत नाही. मग उन्हाळ्याच्या अखेरीस, विद्यापीठे सुरू होण्याच्या बेतात, मोठ्या माशांना घर शोधण्याची धावपळ होते. दुकानदार मोठा मासा घेण्यास नाखूश असतात, कारण तो दुकानातील जागा अडवतो आणि गिऱ्हाईक मिळेपर्यंत खातो. सार्वजनिक मत्स्यालये दान घेतील असा समज सार्वत्रिक असला तरी त्यांच्याकडे त्याच जातींचे मासे आधीच असतात, नव्या माशाला काही आठवडे वेगळे ठेवून रोगांची तपासणी करावी लागते आणि जागाही मर्यादित असते, म्हणून बहुतेक ठिकाणी नकारच मिळतो. उरतात ती स्थानिक मत्स्यप्रेमी मंडळे, आणि जो मंडळापर्यंत पोहोचू शकत नाही त्याच्यासमोर जवळचे तळे.

तळ्याच्या या पर्यायाची किंमत पुढे मोजावी लागली. दक्षिण फ्लोरिडातील एव्हरग्लेड्स या विस्तीर्ण दलदलीत ऑस्करने कायमचे बस्तान बसवले. अमेरिकेतील तळ्यांत पिरान्हा सापडल्याच्या बातम्या अधूनमधून येतात, त्यांपैकी बहुतेक मासे टाकीतून सोडलेले पाकू असतात. २०२१ मध्ये मिनेसोटा राज्यातील बर्न्सव्हिल शहराने तेथील एका तळ्यातून फूटभर लांबीचे गोल्डफिश बाहेर काढून नागरिकांना ते पाण्यात सोडू नयेत असे आवाहन केले. गोल्डफिश तळ ढवळून पाणी गढूळ करतात आणि पाणवनस्पती उपटतात. ज्या माशाचे वाटप एकोणिसाव्या शतकात सरकारने केले होते, त्याच माशाविरुद्ध एकविसाव्या शतकात सरकारला मोहीम काढावी लागली. ब्रिटनमध्ये १९८१च्या वन्यजीव व ग्रामीण परिसर कायद्याने परकी जात निसर्गात सोडणे गुन्हा ठरवले. फ्लोरिडाच्या वन्यजीव आयोगाने २००६ मध्ये परदेशी पाळीव प्राणी दंडाची भीती न बाळगता परत देण्याची योजना सुरू केली. तीत आधी पारखून घेतलेल्या नव्या पालकांकडे ते प्राणी सोपवले जातात. जपानने २०१८ मध्ये गार या मगरीसारख्या लांब जबड्याच्या माशांचे संपूर्ण कुळ आक्रमक परदेशी प्रजातींच्या यादीत घातले आणि ज्यांच्याकडे ते आधीपासून होते त्यांना परवानगी घेणे बंधनकारक केले. या सर्व उपायांत दंडापेक्षा परत देण्याची सोय अधिक मोलाची ठरते, कारण मासा लपूनछपून सोडणाऱ्यास पकडणे जवळजवळ अशक्य असते.

भारतात टाकीचा छंद मोठ्या शहरांतून पसरला. मुंबईत चर्नी रोडजवळील तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन १९५१ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले आणि पारशी दानशूराच्या नावाने उभ्या राहिलेल्या या वास्तूने मुंबईकरांच्या कित्येक पिढ्यांना काचेआडचा मासा प्रथम दाखवला. क्रॉफर्ड मार्केट, कुर्ला, कोलकात्याचा गॅलिफ स्ट्रीट आणि चेन्नईचे कोळत्तूर ही या व्यापाराची प्रसिद्ध ठिकाणे होत. १९९०च्या दशकानंतर परदेशी मासे सहज मिळू लागले. मलेशियात संकरातून तयार झालेला फ्लॉवरहॉर्न आणि भरभराट आणतो असे मानला जाणारा अरोवाना यांना वास्तुशास्त्र व फेंगशुई यांच्या आवडीमुळे मागणी आली. उलट दिशेनेही व्यापार चालला : पश्चिम घाटातील नद्यांतून पकडलेले ‘मिस केरळ’ आणि महाराष्ट्र-कर्नाटकातील सह्याद्रीच्या ओढ्यांत आढळणारा पट्टेरी बोटिया हे मासे परदेशी टाक्यांसाठी निर्यात झाले. पट्टेरी बोटिया आज संकटग्रस्त प्रजातींत गणला जातो. म्हणजे सह्याद्रीतील दुर्मिळ मासा बाहेर जात असताना अ‍ॅमेझॉनचा दांडगा मासा आत येत होता.

त्याचे परिणाम भारतीय पाण्यांत दिसू लागले आहेत. टाकी साफ करणारा म्हणून विकला जाणारा, अंगावर हाडांच्या कठीण पट्ट्यांचे चिलखत असलेला सकर मासा पूर्व कोलकात्याच्या पाणथळींपासून आंध्र, तामिळनाडू व केरळपर्यंत पसरला असून तो कोळ्यांची जाळी फाडतो आणि त्याला बाजारात भाव नाही. २०१८च्या केरळमधील महापुरानंतर चालकुडी नदीत अरापायमा हा दक्षिण अमेरिकेतील प्रचंड मासा कोळ्यांच्या जाळ्यात आला. पुराने बंदिस्त तळी फुटली की पाळलेले मासे नदीत जातात, हे त्यातून स्पष्ट झाले. २०२३ मध्ये भोपाळ आणि श्रीनगरचे दल सरोवर येथे उत्तर अमेरिकेतील अ‍ॅलिगेटर गार सापडला. महाराष्ट्राच्या बाबतीत काळवेळाचा एक मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. बारावीनंतरचे प्रवेश येथे ऐन पावसाळ्यात होतात, म्हणजे विद्यार्थी घर सोडतात तेव्हाच नद्या-तलाव भरलेले असतात आणि सह्याद्रीतील अनेक देशी माशांचा विणीचा हंगाम चालू असतो. त्या दिवसांत सोडलेला परका मासा दूरवर पोहोचतो आणि देशी माशांची अंडी-पिल्ले त्याच्या तोंडी लागतात.

भारतीय कायदा या प्रश्नाकडे उशिरा वळला. २०१७ मध्ये केंद्र सरकारने शोभिवंत माशांच्या दुकानांसाठी प्राणिक्रूरता प्रतिबंधक नियम काढले, परंतु व्यावसायिकांच्या विरोधानंतर ते मागे घेण्यात आले. वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२च्या दुरुस्तीने आक्रमक परदेशी प्रजातींची आयात, बाळगणे आणि प्रसार यांवर निर्बंध घालण्याचा अधिकार केंद्राला दिला. तसेच संकटग्रस्त वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील करार अर्थात साइट्स याच्या यादीतील जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांना नोंदणी बंधनकारक केली, आणि २०२४च्या नियमांनी त्या नोंदणीची ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावरील कार्यपद्धती ठरवून दिली. आशियाई अरोवाना साइट्सच्या पहिल्या परिशिष्टात असल्यामुळे तो मित्राला सहज देऊन टाकण्याची वस्तू राहिलेली नाही. हस्तांतराची नोंदही करावी लागते. ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न किंवा पंगासियस यांना मात्र अशी कोणतीही नोंद लागू नाही, आणि प्रत्यक्षात घराबाहेर पडणारे मासे बहुतांशी हेच असतात.

पुनर्वसनाची रीत अनुभवी पाळणाऱ्यांनी चाचपडत घडवली असून तिच्यामागे स्पष्ट शास्त्र आहे. मासा हलवण्यापूर्वी एक-दोन दिवस त्याला खाऊ घालत नाहीत, कारण रिकाम्या पोटी तो पाण्यात कमी घाण करतो. मोठा मासा दुहेरी जाड पिशवीत किंवा झाकणाच्या थर्माकोल पेटीत, अंधारात आणि पुरेशा प्राणवायूसह नेतात. टोकदार काटे असलेल्या माशांसाठी पिशवीऐवजी टबच वापरतात. बंद पिशवीत माशाच्या श्वासातील कार्बन डायऑक्साइड साठून पाणी किंचित आम्लधर्मी होते आणि त्यामुळे साठलेल्या अमोनियाचे विषारीपण दबून राहते. पिशवी उघडताच तो वायू निघून जातो व अमोनिया पुन्हा घातक बनतो. म्हणून लांबच्या प्रवासानंतर पिशवी बंद असतानाच तापमान जुळवून मासा लवकर नव्या पाण्यात सोडतात आणि जुने पाणी टाकीत ओतत नाहीत. जुन्या गाळणीतील स्पंज ओलसर ठेवून माशाबरोबर देण्याची प्रथाही आहे, कारण उपयुक्त जिवाणू त्यातच असतात. या सगळ्याला वेळ लागतो, आणि योग्य आकाराची टाकी असलेला पालक शोधायला त्याहून अधिक. म्हणून हे काम घर सोडण्याच्या आदल्या आठवड्यात नव्हे, तर काही महिने आधी सुरू करावे लागते.

या इतिहासावरून जबाबदारीच्या वाटपाबद्दल एक निष्कर्ष निघतो. मंदिराच्या तळ्यात मासा सोडणाऱ्याच्या पुण्याचा भार तळ्याने उचलला. आजच्या टाकीतील माशाचा भार मात्र शिक्षणासाठी गाव सोडणाऱ्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलावर येऊन पडतो, आणि ज्याने पिल्लू विकताना त्याची पूर्ण लांबी सांगितली नाही तो व्यापारी त्यातून मोकळा राहतो. पुढील कायद्यांनी हा भार विक्रीच्या वेळीच वाटून घ्यायला हवा : प्रत्येक मोठ्या जातीच्या टाकीवर तिची प्रौढ लांबी आणि आयुर्मान लिहिणे सक्तीचे असावे, आणि मोठा मासा परत घेण्याची सोय प्रत्येक जिल्ह्याच्या मत्स्य विभागाने, किमान प्रवेशांच्या हंगामात, उपलब्ध करून द्यावी. तोपर्यंत पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी एवढे पथ्य पाळावे की वाढलेला मासा कोणाच्या तरी ताब्यात द्यावा, परंतु तळ्यात, नदीत किंवा विहिरीत कधीही सोडू नये.